ज्वारीचे माल्ट

ज्वारीचे माल्ट म्हणजे ज्वारीचे (सॉर्गम बायकलर) दाणे भिजवून, त्यांना मोड आणून आणि योग्य वेळी वाळवून तयार केलेले धान्य होय. मोड येताना दाण्यात निर्माण होणारी एंझाइमे स्टार्चचे साखरेत रूपांतर करू शकतात. या गुणामुळे माल्टचा उपयोग बियर, बालआहार, पेज व लापशी यांसाठी केला जातो. जव (बार्ली), गहू आणि राय यांच्या माल्टप्रमाणेच ज्वारीचे माल्टही घरगुती व व्यावसायिक बियरनिर्मितीत वापरले जाते. आफ्रिका खंडात त्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत ग्लूटेनमुक्त बियरसाठी त्याचा वापर एकविसाव्या शतकात वाढला.

महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाडा आणि सोलापूर परिसरात, ज्वारी हे पिढ्यानपिढ्यांचे अन्नधान्य आहे. तरीही येथे धान्याचे माल्ट करण्याची घरगुती प्रथा मुख्यतः नाचणीपुरती राहिली. ज्वारीचा दाणा जवापेक्षा मूलतः वेगळा असल्याने जवाच्या माल्टची कृती तिला जशीच्या तशी लागू पडत नाही. तिचा स्टार्च अधिक तापमानाला शिजतो, तिच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज हे एंझाइम कमी असते, दाण्यावर गाळणीचे काम करणारे तूस नसते आणि तिच्या कोंबात सायनाइड मुक्त करणारे द्रव्य असते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर तयार करणे हा गुन्हा आहे.

== नाव व व्याप्ती ==

‘माल्ट’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. नाचणीच्या बाबतीत त्याच अर्थाने ‘सत्त्व’ हा शब्द रूढ आहे. मात्र ‘सत्त्व’ या नावाने विकले जाणारे प्रत्येक पीठ मोड आणलेल्या धान्याचे असतेच असे नाही. नाचणी भिजवून, वाटून व गाळून काढलेल्या स्टार्चलाही काही भागांत सत्त्वच म्हणतात.

ज्वारीचे माल्ट आणि ‘गोड ज्वारी’ यांत फरक आहे. गोड ज्वारीच्या ताटातून उसाप्रमाणे रस काढतात व तो आटवून काकवी करतात. त्यात दाण्याचा किंवा मोडाचा संबंध नसतो. परदेशात घरगुती बियरसाठी विकला जाणारा ज्वारीचा पाक दाण्याच्या स्टार्चपासून केलेला असतो, म्हणून तो या काकवीहून वेगळा होय. तसेच ‘राय’ हे युरोपातील थंड प्रदेशाचे तृणधान्य असून त्याचा मोहरीवर्गातील राईशी संबंध नाही.

== मराठवाड्यातील पार्श्वभूमी ==

लातूर–तुळजापूर मार्गावरील औसा आणि त्याच्या आसपासचा लातूर, धाराशिव व नांदेड जिल्ह्यांचा भाग काळ्या जमिनीचा आहे. येथे ज्वारी दोन हंगामांत घेतली जाते. खरीप ज्वारी जूनच्या पावसावर पेरून सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये काढतात. रब्बी ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरली जाते, जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते आणि फेब्रुवारी–मार्चमध्ये काढणीस येते. लातूर परिसरात खरिपातील ज्वारीची जागा गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात सोयाबीनने घेतली. रब्बी ज्वारी मात्र भाकरी आणि कडबा या दोन्ही गरजांसाठी टिकून आहे.

रब्बीतील सर्वांत प्रसिद्ध वाण मालदांडी (एम ३५-१) हे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने तयार झाले. त्याचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा व चवीला गोडसर असतो. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती आणि लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेले परभणी शक्ती अशी वाणे दिली आहेत. मंगळवेढ्याची ज्वारी आणि जालन्याची दगडी ज्वारी यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. संकरित ज्वारीची सुरुवात भारतात १९६४ साली प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या वाणाने झाली. खरिपातील क्षेत्रावर पुढे संकरित वाणांचा प्रभाव राहिला.

ज्वारी आंबवून पेय करण्याची ओळख या भागात आहे. लातूर, धाराशिव व लगतच्या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येस (येळवस) शेतात भज्जी, उंडे व खीर यांबरोबर आंबील नेली जाते. ज्वारीचे पीठ आणि ताक यांपासून केलेली आंबील लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे आंबट होते. ती मद्य नव्हे आणि तिच्यात माल्टही नसते, कारण पीठ मोड न आणलेल्या धान्याचे असते. मोडाचे धान्य दिसते ते नवरात्रातील घटाभोवती. तेथे रुजवलेल्या धान्यांत ज्वारीही असते, पण ते खाण्यासाठी नसते. ज्वारीला मोड आणून त्याचे पीठ किंवा पेय करण्याची सर्वसाधारण प्रथा या भागात नाही.

== दाण्याची रचना व मोडाचे कार्य ==

ज्वारीच्या दाण्याचे फलावरण, भ्रूणपोष आणि अंकुर असे तीन मुख्य भाग असतात. भ्रूणपोषात स्टार्चचे कण काफिरिन या प्रथिनाच्या जाळीत घट्ट बसलेले असतात. बाहेरचा भाग कठीण व काचेसारखा, तर आतला पिठूळ असतो. दाणा पाणी शोषून रुजू लागला की अंकुराला लागून असलेल्या थरातून एंझाइमे भ्रूणपोषात पसरतात. प्रोटिएज प्रथिनांची जाळी सैल करते, अल्फा-अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडते आणि बीटा-अमायलेज साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर सुटी करते.

जवाच्या दाण्यात बीटा-अमायलेज मोड येण्यापूर्वीच भरपूर असते. ज्वारीत ते रुजल्यानंतरच तयार होते आणि तेही कमी असते. अल्फा-अमायलेज मात्र चांगल्या प्रमाणात तयार होते. परिणामी ज्वारीच्या माल्टपासून निघणाऱ्या गोड रसात (वर्टमध्ये) माल्टोजचे प्रमाण जवाच्या रसापेक्षा कमी, तर ग्लुकोज व न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनांचे प्रमाण तुलनेने अधिक असते.

दुसरा फरक तापमानाचा आहे. स्टार्च फुगून शिजल्याशिवाय एंझाइमे त्यावर वेगाने काम करू शकत नाहीत. जवाचा स्टार्च साधारण ५८ ते ६५ अंश सेल्सियसला शिजतो. ज्वारीच्या स्टार्चला सुमारे ६८ ते ७८ अंश लागतात. बीटा-अमायलेज ६५ अंशांच्या वर झपाट्याने निकामी होते. म्हणजे स्टार्च शिजण्यापूर्वीच ते शिजलेल्या स्टार्चवर काम करणारे एक एंझाइम नष्ट होऊ लागते. ज्वारीच्या बियरच्या बहुतेक पद्धती ही एक अडचण दूर करण्यासाठी विकसित झाल्या आहेत.

== जव, राय आणि ज्वारी: तुलना ==

| बाब | जव | राय | ज्वारी |
|---|---|---|---|
| दाण्यावरील तूस | चिकटलेले असते | नसते | मळणीनंतर नसते |
| मोड आणण्याचे तापमान | सुमारे १४–१८ अंश | सुमारे १४–१८ अंश | सुमारे २५–३० अंश |
| स्टार्च शिजण्याचे तापमान | सुमारे ५८–६५ अंश | सुमारे ५५–७० अंश | सुमारे ६८–७८ अंश |
| बीटा-अमायलेज | भरपूर | भरपूर | कमी |
| गाळताना येणारी अडचण | कमी | घोळ फार चिकट होतो | तूस नसल्याने थर घट्ट बसतो |
| सिलिॲक रुग्णांस | अपायकारक | अपायकारक | ग्लूटेन नाही |

राय आणि ज्वारी या दोन्ही माल्टमध्ये तुसाचा अभाव हा समान दोष आहे, परंतु गाळणी अडण्याचे कारण वेगळे आहे. रायमधील अराबिनोझायलन हे बहुशर्करायुक्त द्रव्य पाणी धरून ठेवते व घोळ चिकट होतो. याच द्रव्यामुळे रायच्या बियरला भरीव, मऊ पोत येतो. म्हणून घरगुती बियरमध्ये रायचे प्रमाण बहुधा एकूण धान्याच्या १० ते २० टक्के ठेवतात; रोगेनबियर या जर्मन प्रकारात ते निम्म्याहून अधिकही असते. ज्वारीचा घोळ तितका चिकट नसतो, पण न विरघळलेले बारीक कण तळाशी बसून थर घट्ट होतो. दोन्ही बाबतींत स्वच्छ धुतलेले भाताचे तूस मिसळणे हा रूढ उपाय आहे.

== माल्ट तयार करण्याची पद्धत ==

=== धान्याची निवड ===

माल्टसाठी दाणा जिवंत असणे ही पहिली अट आहे. चालू हंगामातील, न फुटलेले, एकसारख्या आकाराचे आणि बुरशीमुक्त दाणे निवडतात. सोयाबीनच्या घरच्या बियाण्यासाठी मराठवाड्यातील शेतकरी जी उगवण चाचणी करतात, तीच येथे उपयोगी पडते. न निवडता घेतलेले १०० दाणे ओल्या गोणपाटात किंवा ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात व तीन-चार दिवसांनी रुजलेले दाणे मोजतात. पेरणीसाठी ७० टक्के उगवण चालू शकते, पण माल्टसाठी ती ९० टक्क्यांच्या वर असावी लागते. न रुजलेला दाणा निरुपयोगी तर असतोच, शिवाय ओल्या ढिगात तो कुजून शेजारच्या दाण्यांवर बुरशी पसरवतो.

पेरणीसाठी विकले जाणारे पाकीटबंद बियाणे कधीही माल्टसाठी वापरू नये. त्यावर बुरशीनाशक, काही वेळा कीटकनाशकाचीही प्रक्रिया केलेली असते आणि ते ओळखू यावे म्हणून रंग दिलेला असतो. धुतल्याने ते खाण्यायोग्य होत नाही.

=== भिजवणे ===

दाणे अनेक पाण्यांनी धुऊन १६ ते २४ तास भिजवतात. या काळात पाणी अधूनमधून काढून दाणे तास-दोन तास उघडे ठेवतात, कारण पाण्याखाली राहिलेल्या दाण्याला प्राणवायू कमी पडतो. भिजवणी पूर्ण होते तेव्हा दाण्यातील ओलावा सुमारे ३३ ते ३५ टक्के झालेला असतो. उद्योगात भिजवणीच्या पाण्यात अत्यल्प प्रमाणात सोडियम हायड्रॉक्साइड वापरून बुरशी रोखण्याची व टॅनिन निष्प्रभ करण्याची पद्धत आहे. तांबड्या, पक्षी टाळतात अशा उच्च टॅनिनच्या वाणांसाठी तिची गरज पडते. मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिनची अडचण नसते.

=== मोड आणणे ===

भिजलेले दाणे ओल्या कापडावर किंवा गोणपाटावर पातळ थरात पसरतात, दिवसातून दोन-तीन वेळा हलवतात व गरजेनुसार पाणी शिंपडतात. ज्वारीला २५ ते ३० अंश तापमान मानवते. जवाच्या माल्टला लागणारी थंड खोली येथे लागत नाही, ही उष्ण प्रदेशातील मोठी सोय आहे. मात्र रुजणारा दाणा स्वतः उष्णता निर्माण करतो. थर जाड असल्यास आतील तापमान वाढून दाणे आंबतात. अन्नपदार्थांसाठी दोन ते तीन दिवस पुरतात, बियरसाठी सामान्यतः चार ते पाच दिवस लागतात. मोड जास्त वाढू दिल्यास एंझाइमे वाढतात, पण दाण्यातील स्टार्च कोंब व मुळांच्या वाढीसाठी खर्च होतो आणि माल्टचे वजन घटते.

=== वाळवणे व मुळ्या काढणे ===

मोड आलेले ओले धान्य सुमारे ५० अंशांच्या आत वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणतात. ओल्या अवस्थेत अधिक उष्णता दिल्यास एंझाइमे नष्ट होतात. उन्हात वाळवलेले माल्ट वापरण्याजोगे असते, परंतु वाळवणीस वेळ लागल्यास बुरशीचा धोका वाढतो. वाळल्यावर धान्य हातांनी किंवा गोणपाटावर चोळून मुळ्या व कोंब सुटे करतात आणि सुपाने पाखडून काढून टाकतात. ज्वारीच्या बाबतीत ही पायरी ऐच्छिक नाही (पाहा: सुरक्षितता).

== खास माल्ट ==

बियरमध्ये माल्ट दोन कामे करते. मूळ माल्ट साखर व एंझाइमे पुरवते. खास माल्ट रंग, वास, चव आणि पोत देते. खास माल्टमधील एंझाइमे भाजताना नष्ट झालेली असल्याने ते थोड्या प्रमाणात, मूळ माल्टच्या जोडीने वापरतात. रायमध्ये स्फटिक राय व चॉकलेट राय हे प्रकार घरगुती बियर करणाऱ्यांच्या परिचयाचे आहेत. पहिला कारमेलसारखा गोडवा आणि दुसरा कॉफी-कोकोसारखा कडवटपणा देतो. दोन्हींत रायचा किंचित मसालेदार स्वाद असतो.

ज्वारीपासून पुढील प्रकार करता येतात:

* फिकट माल्ट: कमी तापमानाला वाळवलेले, एंझाइमे राखलेले मूळ माल्ट.
* भाजके माल्ट: वाळलेले माल्ट १२० ते १६० अंशांना भाजून. याला बिस्किटासारखा, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारा वास येतो.
* गडद माल्ट: १८० ते २२० अंशांना भाजून. रंग काळपट तपकिरी व चव कडवट होते. एकूण धान्याच्या पाच टक्क्यांपर्यंतचे प्रमाणही रंगासाठी पुरते.
* स्फटिक माल्ट: जवाचे किंवा रायचे ओले माल्ट ६५ ते ७० अंशांना झाकून ठेवल्यास दाण्याच्या आतच स्टार्चची साखर होते व पुढील उष्णतेत ती काचेसारखी घट्ट होते. ज्वारीचा स्टार्च या तापमानाला पुरता शिजत नाही. त्यामुळे ज्वारीचे स्फटिक माल्ट करताना तापमान अधिक ठेवावे लागते आणि दाणा जवाइतका एकसंध काचेसारखा होत नाही.

== बियरनिर्मितीतील वापर ==

जेथे घरगुती बियर कायदेशीर आहे, अशा देशांत ज्वारीचे माल्ट पुढील पद्धतींनी वापरले जाते.

; निथळ पद्धत
दळलेले माल्ट ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून स्थिरावू देतात. वरचे पाणी एंझाइमयुक्त असते. ते निथळून बाजूला ठेवतात. खाली उरलेला घट्ट भाग ८० अंशांच्या वर नेऊन किंवा उकळून स्टार्च शिजवतात, ६५ अंशांपर्यंत थंड करतात आणि मग निथळलेले पाणी पुन्हा त्यात मिसळतात. अशा रीतीने स्टार्च शिजतो आणि बीटा-अमायलेजही वाचते. बाहेरचे एंझाइम न घालता केवळ ज्वारीपासून बियर करण्याची ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे.

; एंझाइम मिसळून
उष्णता सहन करणारे अल्फा-अमायलेज बाहेरून घालून स्टार्च शिजवतात व नंतर दुसऱ्या एंझाइमाने साखर करतात. या पद्धतीत मोड न आणलेली ज्वारीही चालते. मोठ्या उद्योगांनी तिचा अवलंब केला, कारण माल्ट करताना होणारी वजनाची घट टळते.

; जवाच्या माल्टबरोबर
एकूण धान्याच्या १० ते ३० टक्के ज्वारी आधी शिजवून जवाच्या घोळात मिसळतात. जवाच्या माल्टमधील एंझाइमे दोन्ही धान्यांच्या स्टार्चला पुरतात. बियर हलकी व कोरडी होते, पण ती ग्लूटेनमुक्त राहत नाही.

गाळलेला रस हॉपबरोबर उकळून, थंड करून त्यात यीस्ट घातले जाते. केवळ ज्वारीच्या बियरवर फेस कमी टिकतो आणि चवीत किंचित आंबट, धान्याचा स्वाद जाणवतो. गडद माल्ट किंवा हॉपचे वाढीव प्रमाण हा स्वाद झाकण्यासाठी वापरतात.

== आफ्रिका व अन्य देश ==

दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथी, बुर्किना फासोतील डोलो, बेनिन व टोगोतील चुकुतू आणि सुदानमधील मेरिसा ही ज्वारीची पारंपरिक पेये आहेत. यांपैकी अनेक गढूळ असतात. दक्षिण आफ्रिकी प्रकारात रस आधी लॅक्टिक आम्लाने आंबट करतात, मग शिजवलेल्या धान्यात माल्ट मिसळून जाडसर गाळतात आणि आंबण्याची क्रिया चालू असतानाच पेय प्यायले जाते. ते काही दिवसच टिकते. आंबट करण्याची पहिली पायरी आंबिलीशी मिळतीजुळती आहे. फरक माल्ट आणि यीस्टचा आहे.

नायजेरियाने १९८८ पासून जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली. तेथील बियर कारखान्यांना ज्वारी व मका या देशी धान्यांकडे वळावे लागले आणि ज्वारीच्या बियरचे तंत्र मोठ्या उद्योगाच्या पातळीवर विकसित झाले. युगांडात २००२ साली ईगल लागर ही ज्वारीवर आधारित बियर बाजारात आली. अमेरिकेत अनहॉयझर-बुश कंपनीने २००६ मध्ये रेडब्रिज ही ज्वारीची ग्लूटेनमुक्त बियर आणली.

== अन्नपदार्थांतील उपयोग ==

माल्टचा उपयोग मद्यापुरता मर्यादित नाही. तृणधान्याची पेज शिजल्यावर घट्ट होते. लहान मुलाला गिळता यावी म्हणून तीत पाणी वाढवले तर पोट भरते, पण ऊर्जा कमी मिळते. अशा घट्ट पेजेत थोडेसे माल्टचे पीठ मिसळल्यास अल्फा-अमायलेज स्टार्च तोडते आणि पाणी न वाढवता पेज पातळ होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी व एच. एस. आर. देशिकाचार यांनी भरडधान्यांच्या माल्टवर, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी अमायलेजयुक्त बालआहारावर संशोधन केले. ज्वारीत एंझाइमांपैकी अल्फा-अमायलेजच प्रबळ असते. बियरसाठी उणीव ठरणारे हे वैशिष्ट्य पेज पातळ करण्याच्या कामी अडसर ठरत नाही. मोड आणल्याने दाण्यातील फायटेटचे प्रमाणही घटते व लोह शोषले जाण्यास मदत होते.

== सुरक्षितता ==

ज्वारीच्या सुक्या दाण्यात नगण्य असलेले धुरिन हे द्रव्य रुजताना कोवळ्या कोंबात तयार होते. कोंब चिरडला किंवा चावला गेला की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, हे मराठवाड्यातील पशुपालकांच्या परिचयाचे आहे. त्याचे कारण हेच द्रव्य होय. मोड आलेल्या दाण्यातही ते असते, म्हणून पुढील दक्षता घेतल्या जातात:

* मटकी किंवा मुगाप्रमाणे मोड आलेली ज्वारी कच्ची खात नाहीत.
* वाळवल्यावर कोंब व मुळ्या पूर्णपणे काढून टाकतात. धुरिनचा मोठा भाग त्यांच्याबरोबर निघून जातो.
* केवळ वाळवणे पुरेसे नसते. दळलेले माल्ट भिजवणे व नंतर भांडे उघडे ठेवून उकळणे यांमुळे उरलेले आम्ल वाफेबरोबर निघून जाते.
* बालआहारासाठी माल्ट वापरताना मोड आखूड ठेवतात आणि पेज पुन्हा शिजवतात.
* काढलेल्या मुळ्या व कोंब जनावरांना थेट घालत नाहीत.

दुसरा धोका बुरशीचा आहे. काही बुरशींची विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत. मोड आणताना कुबट वास आल्यास किंवा काळी, गुलाबी वा हिरवट बुरशी दिसल्यास ते धान्य टाकून देणे हाच उपाय आहे.

== काळी ज्वारी आणि मद्यार्क धोरण ==

खरीप ज्वारी पक्व होताना पाऊस आला तर कणसावर फ्युझेरियम, कर्व्हुलॅरिया आदी बुरशी वाढतात व दाणा काळा पडतो. अशा ज्वारीला भाव मिळत नाही आणि ती कोंबडीखाद्य किंवा मद्यार्क कारखान्यांकडे जाते. महाराष्ट्र शासनाने २००७ साली धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या प्रकल्पांसाठी प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा काळ्या ज्वारीला ग्राहक मिळेल हा तिच्या समर्थनाचा एक आधार होता. अन्नधान्य मद्याकडे वळेल आणि व्यसनाधीनता वाढेल, या भूमिकेतून अभय बंग यांच्यासह व्यसनमुक्ती क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी योजनेला विरोध केला.

या चर्चेत मद्यार्क आणि माल्ट यांची गल्लत होऊ शकते. मद्यार्क कारखान्याला केवळ स्टार्च हवा असतो. तेथे धान्य दळून, शिजवून बाहेरची एंझाइमे घालतात व शेवटी ऊर्ध्वपातन करतात. दाणा मेलेला असला तरी चालतो. माल्टसाठी मात्र जिवंत, निरोगी दाणा लागतो. बुरशीने काळ्या पडलेल्या ज्वारीची उगवणशक्ती घटलेली असते आणि तिच्यात बुरशीची विषे असू शकतात, म्हणून ती माल्टसाठी अयोग्य ठरते. परिणामी माल्टची मागणी निर्माण झाली तरी तिचा लाभ पावसात सापडलेल्या खरीप ज्वारीला होत नाही. कोरड्या हवेत पिकणारी रब्बी ज्वारीच त्यासाठी योग्य असते. तीच ज्वारी भाकरीसाठीही सर्वाधिक पसंतीची असल्याने माल्टला तिच्या बाजारभावाशी स्पर्धा करावी लागते.

== कायदेशीर स्थिती ==

महाराष्ट्रात मद्यनिर्मितीचे नियमन महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) यानुसार राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. अधिनियमाच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई असून कलम ६५ मध्ये शिक्षेची तरतूद आहे. स्वतःच्या वापरासाठी घरी केलेल्या बियरला सूट नाही. ब्रिटनमध्ये अशी सूट १९६३ पासून आहे. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने ती मिळाली. महाराष्ट्रात लघु बियरनिर्मिती (मायक्रोब्रुअरी) परवान्याने करता येते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही राज्यातील अशी पहिली बियरशाळा होय.

माल्ट हे स्वतः मद्य नाही. ज्वारीला मोड आणून तिचे पीठ करणे किंवा बालआहारात वापरणे यास दारूबंदी अधिनियमाची आडकाठी नाही. मात्र विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना लागतो.

== हेसुद्धा पाहा ==

* ज्वारी
* नाचणी
* आंबील
* वेळ अमावास्या
* राय
* किण्वन